फौजदाराचे दुःख

अतुल सभरवाल ह्यांचा 'क्लास ऑफ ८३' हा हिंदी चित्रपट ऑगस्ट २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आला. दिवस साथीचे होते, चित्रपटगृहे आणि नाट्यगृहे बंद होती, घरात कोंडलेल्या माणसाला पडद्यावर हलणारे काहीही गोड लागत होते. तरीही तो बऱ्याच जणांना बेचव वाटला. कारणे सांगितली गेली ती अशी: चित्रपट शंभर मिनिटांच्या आत आटोपतो, पाच तरुण फौजदारांपैकी एकाचीही धड ओळख होत नाही, शेवट उरकून टाकल्यासारखा वाटतो. कारणे खरीच आहेत. पण कारागिरीतल्या उणिवांमुळे होणारी निराशा चार दिवसांत विरून जाते. ह्या चित्रपटाने केलेली निराशा टिकली, आणि तिचे मूळ कारागिरीत नाही असे मला वाटते. ते पोलिसांवरच्या नाट्याने गेल्या वीस-पंचवीस वर्षांत लावून घेतलेल्या एका सवयीत आहे.

अपेक्षा बाळगायला जागा होती, हे आधी सांगायला हवे. विषय मुंबईचा आणि नाशिकचा, म्हणजे आपल्या अंगणातला. आधार एस. हुसेन झैदी ह्यांच्या पुस्तकाचा. पटकथा अभिजित देशपांडे ह्यांची. मराठी प्रेक्षकांना ते '…आणि डॉ. काशिनाथ घाणेकर'मुळे ठाऊक आहेत. समीर परांजपे, निनाद महाजनी, पृथ्वीक प्रताप अशी मराठी नटमंडळी. आणि मुख्य म्हणजे ज्या तुकडीवर हे सारे बेतले आहे ती १९८३ ची फौजदारांची तुकडी. प्रदीप शर्मा, विजय साळसकर, प्रफुल्ल भोसले, रवींद्र आंग्रे हे सगळे त्याच तुकडीतले. पुढे ज्यांना वृत्तपत्रांनी 'चकमकफेम' हे विशेषण लावले, आणि ज्यांच्या नावापुढे मारलेल्यांचा आकडा क्रिकेटपटूच्या धावांसारखा छापला जाऊ लागला, ती ही माणसे. नाशिकच्या प्रशिक्षणकेंद्रातून एकाच वर्षी बाहेर पडलेल्या तरुणांच्या हातून एका शहराचा वीस वर्षांचा इतिहास कसा घडला, हा प्रश्न कादंबरीच्या ऐवजाचा आहे.

चित्रपट ह्या ऐवजाचे काय करतो? विजय सिंग नावाचा सचोटीचा अधिकारी (बॉबी देओल) काळसेकर नावाच्या गुंडाच्या मागावर असतो. खबर वरूनच, मुख्यमंत्र्याकडून फुटते. मोहीम फसते. त्याच काळात आजारी पत्नी दगावते, मुलगा दुरावतो आणि साहेबांची शिक्षा म्हणून नाशिकला प्राचार्यपदी बदली होते. तिथे ते मागच्या बाकावरच्या पाच जणांना निवडतात आणि त्यांची एक गुप्त तुकडी तयार करतात. व्यवस्था आतून किडली आहे, तेव्हा ती राखायची तर कायदा बाजूला ठेवावा लागेल, हा गुरुमंत्र. पुढे हे पाच जण माणसे मारतात, नावारूपाला येतात, पैशाला भुलतात, आपसांत फाटतात. पार्श्वभूमीला गिरण्यांची थंड धुराडी आणि जुन्या मुंबईची धुरकट दृश्ये.

कोण मेले, हे मात्र आठवून पाहा. ह्या पाच जणांनी मारलेल्यांपैकी एकाचा चेहरा, एकाचे घर, एकाची बायको? आठवत नाही, कारण ते चित्रपटात नाहीच. आठवतो तो बॉबी देओलचा थकलेला, दाढी वाढलेला चेहरा. गोळी सुटते आणि कॅमेरा गोळी लागलेल्या माणसाकडून गोळी झाडणाऱ्याच्या डोळ्यांतल्या वेदनेकडे वळतो. ती सवय म्हणतो ती ही. अधिकाऱ्याला एक खाजगी दुःख द्यायचे, बहुधा मेलेली बायको, आणि त्या दुःखाच्या आडोशाला बाकीचे सगळे मृत झाकून टाकायचे.

ही सवय एकट्या ह्या चित्रपटाची नाही. शिमित अमीन ह्यांचा 'अब तक छप्पन' (२००४) ह्या जातीतला सर्वांत चांगला चित्रपट. नाना पाटेकरांचा साधू आगाशे हा मराठी मध्यमवर्गीय पोलीस अधिकारी आहे. त्याचे घर, त्याची कचेरी, कचेरीतले टोमणे, सहकाऱ्याशी आकड्यांवरून चाललेली चढाओढ, हे सगळे इतके ओळखीचे की माणूस मारणे हा त्या दिनक्रमातला एक कागद वाटावा. भीती वाटायला लावणारे असे काही त्यात होते. तरी त्यातही कळीच्या क्षणी बायकोला गोळ्या घातल्या जातात आणि तिथून पुढे आगाशेच्या कृत्यांचा हिशेब आपण विचारेनासे होतो. ११ वर्षांनी दुसरा भाग निघाला (२०१५). ह्या वेळी मुलगा मारला गेला. पहिल्या भागात बायको, दुसऱ्या भागात मुलगा. तिसरा निघाला असता तर कोण उरले होते कोणास ठाऊक. असो.

अस्वस्थ पोलिसाचे चित्रण करू नये असे माझे म्हणणे नाही. पोलिसाला दुःख असतेच. पण ते कुठून येते हे पाहण्याची तसदी ही नाट्ये घेत नाहीत. 'क्लास ऑफ ८३'चा काळच पाहा. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. हा संप चित्रपटात पार्श्वभूमी म्हणून आहे. पण त्याच वर्षी १५ ऑगस्टला मुंबईच्या पोलीस शिपायांनी काळ्या फिती लावल्या, आणि १८ ऑगस्टला सरकारने त्यांची संघटना मोडून काढली, पुढाऱ्यांना अटक केली, तेव्हा मुंबईत शिपाईच रस्त्यावर उतरले. शहर सावरायला बाहेरची दले आणावी लागली. गिरणगावात संपकरी कामगार शिपायांच्या बाजूने उभे राहिले, आणि त्यात नवल नव्हते: एकाच चाळीत एक भाऊ गिरणीत आणि दुसरा नायगावच्या पोलीस वसाहतीत, अशी ती घरे होती. पगार, घर, रजा, साहेबाच्या घरची कामे. खाकीतल्या माणसाचे दुःख मुंबईत सामूहिकपणे बोलले गेले ते तेव्हा. मुंबई पोलिसांच्या १९८२-८३ वर चित्रपट काढायचा आणि त्यातून हे बंड वगळायचे, ह्यातच पुढचे सगळे येते. शिपायाचे दुःख सांगायचे तर सरकार, पगार, वरिष्ठ ह्यांच्याबद्दल बोलावे लागते. विधुर साहेबाचे दुःख सांगायला एक फोटो आणि एक पेला पुरतो.

त्या बंडानंतर वर्षभराने 'अर्धसत्य' आला. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' ह्या कथेवरून विजय तेंडुलकरांनी लिहिलेली पटकथा, गोविंद निहलानींचे दिग्दर्शन. हा चित्रपट आता इतका मान्यवर झाला आहे की तो कोणी पाहत नाही, नुसता उल्लेखतो. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तो पाहावा ह्याला आणखी एक कारण आहे: त्यातली ज्योत्स्ना गोखले महाविद्यालयात साहित्य शिकवते, आणि तिच्या पुस्तकातली दिलीप चित्र्यांची कविता फौजदार अनंत वेलणकर मोठ्याने वाचता वाचता गप्प होत जातो, तो प्रसंग चित्रपटाच्या मध्यावर आहे. कविता आणि लाठी एका चौकटीत आणण्याचे धाडस त्यापूर्वी कोणी फारसे केलेले नव्हते.

वेलणकरलाही भरपूर दुःख आहे. त्याचा बाप हवालदार. तो आईला मारी आणि पोरगा बघत राही. शिकायची इच्छा असताना बापानेच त्याला खात्यात ढकलले. डाकू पकडला त्याने, श्रेय मिळाले दुसऱ्याला. रामा शेट्टीला हात लावता येत नाही, आणि तोच रामा शेट्टी निवडणूक लढवतो, त्याच्या बंदोबस्ताला हाच उभा. माइक लोबो हा निलंबित अधिकारी दारूने झिजत रस्त्यावर मरतो, आणि वेलणकरला त्याच्यात आपले भविष्य दिसते. आजच्या पटकथाकाराला ह्यातला एक धागा दिला तरी दहा भागांची मालिका होईल.

तेंडुलकर ह्या साऱ्या दुःखाचे काय करतात? ते सगळे एका रात्री एका भुरट्या चोराच्या अंगावर आणून आदळतात. रेडिओ चोरणारा एक फाटका माणूस. दारू प्यालेला वेलणकर त्याला कोठडीत मारतो, मारत राहतो, आणि तो मरतो. चित्रपट तिथे वळतो आणि पुन्हा मागे येत नाही. ह्यापुढचा सगळा भाग त्या मृतदेहाचे काय करायचे ह्याचा आहे. चौकशी बसणार, वरिष्ठ हैदर अली, जो भला माणूस आहे, सल्ला देतो की तुला आता फक्त रामा शेट्टीच वाचवू शकतो. ज्याच्याविरुद्ध आयुष्य घालवायचे होते त्याच्या दारात वेलणकर जातो, शेट्टी त्याला आपला माणूस करून घेण्याची अट घालतो, आणि तो शेट्टीचा गळा आवळून स्वतः ठाण्यात हजर होतो. बापाची मारहाण, हुकलेले श्रेय, दारू, प्रेमभंग ही सगळी कारणे आपल्याला ठाऊक असतात, आणि त्यांतले एकही त्या चोराच्या मरणाच्या हिशेबातून वजा होत नाही.

हा तेंडुलकरांचा पहिला कोठडीतला मृत्यू नव्हता. 'घाशीराम कोतवाल' (१९७२) वर्गात शिकवताना आपण नाना फडणवीस, सत्तेचे भस्मासुर, ब्राह्मणांची मानवी भिंत, लोककलांचा वापर ह्यांवर तासन्तास बोलतो. पण घाशीराम हा पोलीस आहे, आणि दुःखी पोलीस आहे, हे लक्षात घेऊन ते नाटक एकदा वाचून पाहावे. परका म्हणून पुण्यात मार खाल्लेला, चोरीचा आळ घेऊन हाकललेला, सूडासाठी पोटच्या मुलीला नानाच्या हवाली करून कोतवाली मिळवलेला, आणि मग ती मुलगी गमावलेला बाप. करुणेला ह्याहून अधिक भांडवल कोणत्या नायकाला मिळाले आहे? तरीही नाटकाचा कडेलोट होतो तो बागेतली फळे तोडली म्हणून कोंडलेल्या परप्रांतीय ब्राह्मणांच्या मरणाने. इतिहासात ही घटना १७९१ ची. कोतवालाच्या कोठडीत तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि पुण्याच्या जमावाने घाशीरामला दगडांनी ठेचले. तेंडुलकरांनी इतिहासाशी बरेच स्वातंत्र्य घेतले, त्यावरून वादंगही झाले, पण कोठडी तेवढी त्यांनी जागची हलवली नाही. आणि घाशीराम मेल्यावर नाना सुखरूप उरतो, हेही. १९७२ चे नाटक आणि १९८३ ची पटकथा शेजारी ठेवली तर दोन्हींचा सांगाडा एकच दिसतो: अपमानित माणूस, त्याला हाताशी धरणारी सत्ता, कोठडीत मेलेला तिसराच कोणी, आणि मग सत्तेने झटकलेले हात. ह्या दोहोंच्या मधल्या काळात तेंडुलकरांनी नेहरू अभ्यासवृत्तीवर हिंसेचा अभ्यास केला होता, हे चरित्रकार सांगतात. तो सांगाडा अभ्यासाआधीच त्यांच्या हाती लागलेला होता, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

'क्लास ऑफ ८३'मध्ये हा सांगाडा जवळजवळ सगळा आहे. अपमानित अधिकारी आहे, मुख्यमंत्र्याच्या रूपाने सत्ता आहे, झटकलेले हात आहेत. नाही तो फक्त तिसरा माणूस. तो काढून घेतल्याबरोबर उरलेले नाट्य साहेब आणि मुख्यमंत्री ह्यांच्यातल्या भांडणाइतके लहान होते.

ह्या काळात मराठी पडद्यावर काही झाले नाही असे नाही. अभिजित पानसे ह्यांचा 'रेगे' (२०१४) ह्या संदर्भात आठवावा लागतो, कारण त्याने एक विलक्षण गोष्ट केली: पोलिसांना खऱ्या नावांनी पडद्यावर आणले. महेश मांजरेकर प्रदीप शर्मा झाले, पुष्कर श्रोत्री सचिन वाझे झाले. गुन्हेगारी जगाच्या आकर्षणात सापडलेला विद्यार्थी अनिरुद्ध रेगे ही मध्यवर्ती भूमिका करणाऱ्या नटाचे नाव आरोह वेलणकर, हा निव्वळ योगायोग. पण 'अर्धसत्य' पाहिलेल्याला तो थोडा टोचतो. 'रेगे'ने निदान मरणाऱ्याला नाव दिले. तक्रार अशी की त्या मरणाची हळहळ त्याच्या आडनावातून येते. आपल्यासारख्या घरातला, शिकणारा, आईबापांचा लाडका मुलगा ह्या चक्रात सापडू शकतो, म्हणून ते चक्र भयंकर. आडनाव वेगळे असते तर? हा प्रश्न चित्रपट विचारत नाही, आणि प्रेक्षकालाही विचारू देत नाही.

खऱ्या नावांचे पुढे काय झाले ते सर्वांसमोर आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये रामनारायण गुप्ता ऊर्फ लखन भैया ह्याला 'चकमकीत' मारल्याच्या खटल्यात सत्र न्यायालयाने २०१३ मध्ये प्रदीप शर्मांना निर्दोष सोडले होते, तर इतर पोलिसांना जन्मठेप दिली होती. 'रेगे' त्यानंतरचा. १९ मार्च २०२४ ला उच्च न्यायालयाने ती निर्दोषता रद्द करून त्यांनाही जन्मठेप सुनावली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. सचिन वाझे २००४ पासून निलंबित होते, जून २०२० मध्ये पुन्हा सेवेत घेतले गेले, म्हणजे 'क्लास ऑफ ८३' येण्याच्या दोन महिने आधी, आणि मार्च २०२१ मध्ये दुसऱ्याच एका गाजलेल्या प्रकरणात त्यांना अटक झाली.

वाझे २००४ मध्ये निलंबित का झाले, ही गोष्ट आपल्या भागाशी जोडलेली आहे. २ डिसेंबर २००२ ला घाटकोपरला बसमध्ये स्फोट झाला. त्या तपासात परभणीचा ख्वाजा युनूस हा तरुण अभियंता पकडला गेला. वय २७, नोकरी आखातात. जानेवारी २००३ च्या पहिल्या आठवड्यानंतर तो कोणाला दिसला नाही. पोलिसांनी सांगितले ते असे: त्याला तपासासाठी औरंगाबादला नेत असताना पारनेर तालुक्यात जीपला अपघात झाला आणि अंधाराचा फायदा घेऊन तो पळाला. त्याच्यासोबत कोठडीत असलेल्या एका सहआरोपीने न्यायालयात वेगळे सांगितले: युनूसला विवस्त्र करून मारताना आणि रक्ताची उलटी होताना आपण पाहिले. गुन्हे अन्वेषण विभागाच्या चौकशीतून तो कोठडीतच मेला असा निष्कर्ष निघाला. १४ पोलिसांवर ठपका आला. खटला चालवण्यास सरकारने मंजुरी दिली ती चौघांपुरती, वाझे त्यांतले एक. मृतदेह कधीच मिळाला नाही. स्फोटाच्या खटल्यातले इतर आरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले. युनूसच्या आईने वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या. चौघांवरचा खटला दोन दशके उलटूनही निकालापर्यंत पोचलेला नाही, तेव्हा त्यांना दोषी म्हणण्याचा अधिकार मला नाही.

मला इथे फक्त त्या कथानकाबद्दल बोलायचे आहे. रात्रीचा रस्ता, जीप, उतार, अंधार, पळालेला कैदी. ह्याला पटकथाच म्हणावे लागेल, आणि ती अशा काळात सांगितली गेली जेव्हा अशा पटकथा ऐकण्याची सवय लोकांच्या कानांना झाली होती. १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत वृत्तपत्रांनी आणि चित्रपटांनी मिळून अधिकाऱ्याला असे रूप दिले होते की त्याने सांगितलेली गोष्ट आधी खरी मानायची आणि नंतर तपासायची. माझा राग 'क्लास ऑफ ८३'वर आहे तो ह्यासाठी. २०२० पर्यंत हे सारे उघड झालेले होते. न्यायालयाचे कागद होते, साक्षी होत्या, एका आईची अठरा वर्षे होती. पोलीस अधिकाऱ्याच्या अस्वस्थतेचे खरे नाट्य लिहायचे तर ते इथे होते: ज्या चार शिपाई-अधिकाऱ्यांवर खटला चालतो आणि ज्या दहांवर चालत नाही, त्या दहांच्या घरी रात्री काय बोलले जात असेल? जीपच्या अपघाताची नोंद लिहिताना लिहिणाऱ्याचा हात कसा चालला असेल? वेलणकरला ह्या जागी नेऊन ठेवणारा लेखक आपल्याकडे निघाला नाही.

'अर्धसत्य'लाही एक मर्यादा आहे, ती इथेच नोंदवतो. रेडिओ चोरणारा माणूस तिथे मरतो, मोजला जातो, पण तो कोण होता हे आपल्याला कळत नाही. त्याला घर नाही. वेलणकरच्या आत्म्याचा कस लागावा म्हणून तो कोठडीत आलेला आहे. ती उणीव मराठीत भरून निघाली चारच वर्षांनी, पण पडद्यावर नाही. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ मध्ये आले, १९८८ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लातूर जिल्ह्यातल्या धनेगावचा हा लेखक ज्या जमातीत जन्मला तिला इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले होते. कायदा १९५२ मध्ये गेला, पोलिसांची धाड गेली नाही. 'उचल्या'मधला पोलीस दाराबाहेरून येतो. तो घरातली भांडी उलथतो, बायांना शिव्या देतो, मारतो, आणि आपला वाटा घेऊन जातो. त्याचा चेहरा धूसर आहे, त्याचे दुःख शून्य आहे. लाठीच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला फौजदाराच्या बायकोची तब्येत दिसत नाही. वेलणकरच्या हातून मेलेला माणूस ज्या घरातून आला असेल ते घर ह्या पुस्तकात आहे. मी विद्यार्थ्यांना दोन्ही एकापाठोपाठ द्यायला सुरुवात केली त्याला काही वर्षे झाली. चर्चा बहुधा रेडिओपाशी अडकते: चोरीच्या एवढ्याशा वस्तूसाठी? 'उचल्या' वाचून आलेला एखादा विद्यार्थी मग म्हणतो, वस्तूसाठी कोण मारतं सर.

तमिळमध्ये हा पूल बांधला गेला. एम. चंद्रकुमार ह्या कोईम्बतूरच्या रिक्षाचालकाला १९८३ मध्ये, पुन्हा तेच साल, गुंटूरच्या कोठडीत डांबून मारण्यात आले. त्याने त्यावर 'लॉक अप' ही कादंबरी लिहिली आणि वेट्रिमारन ह्यांनी तिच्यावरून 'विसारणै' (२०१५) केला. त्यात एक अस्वस्थ अधिकारीही आहे, मुत्तुवेल नावाचा, समुद्रकनी ह्यांनी साकारलेला. सद्सद्विवेक शाबूत असलेला आणि तरीही यंत्रणेत पिचलेला. त्याचे हाल बघवत नाहीत. पण तो पडद्यावर येईतो आपण तासभर त्या परप्रांतीय मजुरांबरोबर मार खाल्लेला असतो, त्यामुळे त्याची अस्वस्थता त्यांची जागा घेऊ शकत नाही. 'जय भीम'ने (२०२१) पुढे कोठडीत मेलेल्याच्या बायकोलाच मध्यावर आणले. त्या चित्रपटाचा वकील-नायक मला जरा जास्तच धुतल्या तांदळाचा वाटतो, पण मेलेल्याचे नाव विसरता येत नाही, एवढे ते करतात. मराठीत चैतन्य ताम्हाणे ह्यांच्या 'कोर्ट'मध्ये वेगळी वाट दिसते: तिथला पोलीस अजिबात दुःखी नाही, तो नेमून दिलेले काम करतो, छापील कागद भरतो, आणि माणूस आत राहतो. दुःखी अधिकाऱ्यापेक्षा हा निर्विकार माणूस मला खरा वाटतो. पण ही वाट पुढे फारशी कोणी चालली नाही. मालिकांच्या मंचांवर जे येते त्यात पेला आहे, फोटो आहे, निद्रानाश आहे, घटस्फोट आहे.

परभणीचे नाव २०२४ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा ऐकू आले. डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतर आंदोलन, हिंसाचार, धरपकड. पकडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा भटक्या समाजातला, कायद्याचा विद्यार्थी होता. १५ डिसेंबरला तो न्यायालयीन कोठडीत असताना मेला. ह्या शहरातल्या खंडपीठाने जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. पुढे जे सिद्ध व्हायचे ते न्यायालयात होईल. पण ह्या घटनेवर कधीतरी पटकथा लिहिली जाईल, ह्याबद्दल मला शंका नाही. असे विषय आता फार दिवस मोकळे राहत नाहीत. ती लिहिणारा बहुधा मुंबईत असेल, आणि निर्मात्याची पहिली सूचना असेल की तपास अधिकाऱ्याला काहीतरी भूतकाळ हवा. आमच्या विद्यार्थ्यांत चारदोन जण पटकथा लिहू पाहणारे असतात. त्यांना ही सूचना ओळखता यावी म्हणून 'घाशीराम', 'अर्धसत्य' आणि 'उचल्या' ह्याच क्रमाने, एका सत्रात, शेजारी शेजारी वाचायला द्यावेत असे मी सहकाऱ्यांना सुचवतो. 'क्लास ऑफ ८३'ही दाखवावा, शेवटच्या आठवड्यात. तोवर त्यात कोण नाही हे त्यांना सांगावे लागणार नाही.